झरीवाली आणि ताडकळसवाली

माय, तुझी हाक मारायची रीत आज माझ्या धंद्यात कामाला आली. तू होतीस तेव्हा मी परभणीत प्रबंध नुसते टाइप करून द्यायचो. आता त्यांची पानं लावतो. आकडेमोडीचा कोड मजकुरातच असतो, फाईल चालवली की तक्ते आपोआप मोजून पानावर येतात. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि एक स्वल्पविराम चुकलेला मला खपत नाही.

सकाळी शेतकीची एक विद्यार्थिनी रडवेली होऊन आली. प्रबंध आजच जमा करायचा, आणि सोयाबीनचा तक्ता येईना. "काका, काल तर येत होता!" काल तिनं एक नवं पॅकेज जोडलं होतं. पॅकेज म्हणजे तयार आज्ञांची पेटी. जुन्या-नव्या दोन्ही पेट्यांत एकाच नावाची आज्ञा, आणि जी पेटी नंतर उघडेल तिचीच आज्ञा हाकेला ओ देणार. तिनं क्रम उलटा करून पाहिला, तर दुसरा तक्ता बिघडला. "मग एकीचं नाव बदलू का?" ती म्हणाली, आणि मला माझं लग्न दिसलं.

आत्या तांदळाचं ताट घेऊन बसलीय. मोठ्या सुनेचं जे नाव, तेच नवरीचं. "नवीचं बदला, न्हाईतर एका हाकेला दोघी पळत येतील." तांदळात नाव लिहायची अंगठी माझ्या हातात. तू आतून येतेस. "तिच्या मायनं ठिवलंय नाव. म्या कोन बदलनार? हाकेचं म्या बघते." दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून दोघींना माहेरच्या गावावरून हाका सुरू: "झरीवाले, दूध उतू चाललंय! ताडकळसवाले, पीठ मळ!" दादा हसला, "माय, सुनांना एस्टीच्या पाट्या लावायलीस का?" तू म्हणालीस, "लावते. चुकीच्या गाडीत तर कुनी बसत न्हाई."

मी त्या पोरीला म्हटलं, नाव कुणाचंच बदलायचं नाही. आज्ञेच्या आधी तिच्या पॅकेजचं नाव लिही, मधे दोनदा कोलन. आणि ती आज्ञा जिथं जिथं आलीय, त्यातली एकही जागा सोडू नको. दोन्ही तक्ते आले. दुपारी प्रबंध जमा झाला.

तुझ्यामुळं एका बाईचं नाव तिच्यापाशी राहिलं, माय. माहेरचा फोन आला की त्याच नावाला ती लहान पोरीसारखी ओ देते. मला बरं वाटतं. हे पत्र जाणार कुठं, म्हणून सांगून टाकतो: त्या नावानं मी तिला अजून एकदाही हाक मारलेली नाही. "अगं"वरच सगळा संसार चाललाय.