पट्टी बांधण्याचा सराव

१० मार्च १९५८

पोहोचलो एकदाचा! एटापल्लीहून बैलगाडीत आलो. हाडं खिळखिळी झाली, पण मन खूश आहे. नागपूरच्या अग्निशामक दलात इतकी वर्षं पाण्याच्या नळ्या ओढल्या, आता जंगलखात्याने मागणी केली म्हणून मला इथे परसाटोल्याला पाठवलंय. गावच्या वणवा रखवालदारांना आग विझवायला आणि भाजलेल्या माणसावर पहिले उपचार करायला शिकवायचं. मुक्काम जंगलखात्याच्या नाक्यावरच्या कौलारू खोलीत. मोहफुलं गळताहेत, सगळीकडे गोड, आंबूस वास. नाकेदार, म्हणजे नाका सांभाळणारा वनरक्षक, मनसाराम भारी बोलका माणूस. त्याने अंड्याचा रस्सा केला आणि माझ्या पेटीतल्या पट्ट्या, बांबूच्या कामट्या, घडीचं स्ट्रेचर हातात घेऊन घेऊन पाहिलं. झोप छान लागेल.

१२ मार्च

वर्ग सुरू झाला, पण माणसं माझ्याकडे पाठ करून बसतात. मनसारामने कारण सांगितलं. फुलं वेचता यावीत म्हणून ही माणसं मोहाखालचा पाला जाळतात. यंदा खात्याने बंदी केली, दोघांना पकडूनही नेलं. मी त्याच खात्याचा पाहुणा. विहिरीवर बाया माझ्या बादलीला जागा देत नाहीत.

तरी शिकवलं. वणवा चढणीवर जोरात धावतो, म्हणून वर पळू नका. ओलं गोणपाट ज्वाळेच्या बुडाशी मारा. एकट्याने जाऊ नका. रखवालदारांचा म्होरक्या मंगरू मध्येच उठला.

"आमचं जंगल आमालेच शिकवून राह्यले काऊन?" एवढं बोलून तो थुंकला.

पट्टी बांधून दाखवायला कुणीतरी जखमी व्हायला हवं होतं. एकही पुढे येईना. शेवटी सुकलू नावाचा तरणा रखवालदार हसत आला. मी त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी बांधली. त्याची बायको सोमारी कुडाआडून पाहत होती. ती धावत आली आणि धडधाकट माणसाला दुखण्याची पट्टी बांधू नका, म्हणाली. मी हसलो. तिने स्वतःच ती सोडली.

१५ मार्च

सुकलू भाजला. रखवालदार जाळरेषा साफ करत होते, म्हणजे आग अडावी म्हणून जंगलातून काढलेला मोकळा पट्टा. गोळा केलेला पाला पेटवला तेव्हा वारा फिरला. उजवा हात. मनगटापासून कोपरापर्यंत. त्याच्या वर-खाली एक केससुद्धा करपला नाही.

मी थंड पाणी ओतलं, स्वच्छ कापड ठेवलं. योगायोग आहे. तसंच मनसारामला सांगितलं. त्याने मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

१८ मार्च

आज वर्गाला कुणी नाही. गावाची भीती मोडावी म्हणून मनसारामने स्वतःचे पाय पुढे केले. सगळ्यांना दिसेल असं पाराजवळ बसून मी त्याच्या दोन्ही पावलांना पट्ट्या बांधल्या, घोट्यावर सपाट गाठ मारली. बाया पोरांना घेऊन घरात शिरल्या. कुणीतरी दार आपटलं, मग एकामागून एक सगळीच.

२० मार्च

मनसाराम जुन्या जळक्या जागेवरून येत होता. वरून थंड राख, आत बुंधा धुमसत होता. दोन्ही पाय आत रुतले. मी बूट कापून काढले. घोट्यांवर फोड आले आहेत, माझ्या गाठीच्या आकाराचे. दोन्हीकडे. टोकंसुद्धा तशीच, एक वर, एक खाली.

त्याला गाडीतून एटापल्लीला पाठवलं. मी सोबत निघालो तर त्याने हात जोडले, नको म्हणाला. आता नाक्यावर मी एकटा.

२१ मार्च

सुकलू गेला. हात सडला, ताप डोक्यात चढला. त्याच्या घरी जायला निघालो तर वाटेतच माणसं आडवी उभी राहिली. मंगरूने मला गाव सोडायला सांगितलं. मी सोडणार नाही. आता गेलो तर ही माणसं जन्मभर पट्टीला घाबरतील, जखमा चिघळवून मरतील.

विहिरीवरचा दोर कुणीतरी काढून नेलाय. नाल्यातलं गढूळ पाणी उकळून पितो.

२३ मार्च

पारावर जाऊन सगळ्यांदेखत मी माझ्याच डाव्या हाताला पट्टी बांधली होती. परवा संध्याकाळी. आज हात उंच करून दाखवला. काही झालेलं नाही! कुणी हसलं नाही. सोमारी पुढे आली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

"सोताले बांधून का होते, मास्तर? तुमाले मले बांधू द्या."

तिने हात पुढे केला, पट्टी मागितली. मी नाही म्हणालो.

फार पटकन म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं. तेवढा मंगरू हसला.

२४ मार्च

माझा विश्वास नाही. नाहीच. मग दिली का नाही पट्टी?

उद्या निघतो. गाडी देत नाहीत, चालत जाईन. पेटी इथेच राहू दे. तिच्याकडे बघवत नाही.

२५ मार्च, सकाळ

निघालो होतो. नाल्याच्या उतारावर घसरलो. डावा घोटा गेला, टेकवत नाही. हाका मारतोय. मोहाखाली कुणी नाही, फुलं तशीच पडून.

आले. मंगरू, तिघे रखवालदार, सोमारी. स्ट्रेचर आणलंय. माझी पेटीही.

दुपार

मी म्हटलं बांधू नका, तसाच उचला. विनवलं. मंगरू म्हणाला, "बांधल्याबिगर हलवाचं नाई. तुमीच सांगतलं ना."

दोघांनी खांदे धरले. सोमारीने घोटा बांधला. काय सुरेख बांधला, न दुखवता. मग थांबली नाही. पोटरी. मांडी. दुसरा पाय. मी ओरडलो, हाताला काही झालं नाही, हाताला का बांधता — दोन्ही हात. छाती. मान. कपाळ. बोटं तेवढी मोकळी, वही-पेन्सिल हाताशी.

मला स्ट्रेचरवर ठेवलं, ते इथे सावलीत उतरवलं. गाडी आणतो म्हणाले. सोमारी जाताना वळून पाहत होती. गेले.

गाडी येणार नाही.

नंतर

गाठी सुटत नाहीत. बोटांनी, दातांनी ओढतोय. पायाची थोडी सुटली — खाली कातडी धड आहे. धड आहे. देवा. रडलो.

सोडून काय उपयोग. सुकलूची सोडली होती. मनसारामचीही —

धूर कुठेच नाही. वारा नाही. चहूकडे पाहिलं, एक ठिणगी नाही. आग कुठून येणार? येणारच नाही. कुणी वाटसरू येईल, मी हाक —

छातीवर ऊन पडलंय वाटलं. सावलीत आहे मी.

गरम होतंय. बाहेरून नाही, पट्टीच्या आतून. पाणी हवं, थंड पाणी — नाला तिकडे, सरकत —

कापूस जळल्याचा वास येतोय. माझ्याच

मानेपाशी आता, सोमारी, मी मुद्दाम नाही गं, मला खरंच फक्त शिकवाय