भूगर्भरत्नाची शाल आणि अंथुर्ण्याचा कातळ

मी, विजयमाला दत्तोबा वाघमोडे, वय ७६, निवृत्त भूवैज्ञानिक, राहणार जळोची, ता. बारामती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. राग मात्र आहे, त्याचं कारण खाली येईल.

१. जळोचीचं राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भाची राजेश्वरी हिला. माझ्या दगडांना तिने कधी अडगळ म्हटलं नाही.

२. अंथुर्ण्याच्या माळावरून, माझ्या आणि शेजारच्या रानातून, काळ्या कातळाची नैसर्गिक भिंत जाते. तो जमिनीच्या भेगेत थिजलेला लाव्हा आहे आणि त्याचं रासायनिक पृथक्करण हे माझं आयुष्यभराचं काम. त्याबद्दल गेल्या महिन्यात बारामतीत मला 'भूगर्भरत्न' केलं. प्रायोजक खडी क्रशरवाला रविराज. सूत्रसंचालक मला रणरागिणी म्हणाला. सन्मानचिन्ह हातात आलं आणि पाहते तर शेजारच्या रानात फोडलेली तीच भिंत, पॉलिश करून. त्यातले लांबट पांढरे स्फटिक मी झोपेतही ओळखीन. त्या शालीची, त्या पेढ्यांची मला किळस आली. चिन्ह रविराजला परत करावे. शाल म्हशीवर घालावी.

३. भाचा राजवर्धन याने त्या समारंभात आभार मानले. परतताना गाडीत म्हणाला, "आत्या, तुज्या रानातली भिंत बी रविराजला दे की. दगुडच हाय त्यो." त्याला माझ्याकडून काहीही नाही.

४. अंथुर्ण्याची माझी जमीन, भिंतीसकट, डॉ. मानसिंग गावडे, राहणार कोऱ्हाळे बुद्रुक, यांना. नातेवाईक बोटं मोडतील, कारण या गृहस्थांनी जन्मभर माझ्याविरुद्ध लेख लिहिले. सत्काराला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी हातोडा घेऊन दारात हजर. "बाई, तुमचा पोटॅशियमचा आकडा मला अजून पटत न्हाय. ताजा कातळ काढू द्या." चहालाही थांबले नाहीत. एवढ्या हारतुऱ्यांत माझं काम वाचलेला हा एकच माणूस निघाला, याचं मला वाईटही वाटलं आणि बरंही.

५. माझ्या नावाने पुरस्कार, कमान, चौक काढू नये. मानसिंगरावांनी भिंत फुटू देऊ नये आणि पुन्हा तपासावी. आकडा चुकला असेल तर माझ्या नावानिशी तसं छापावं. बरोबर निघाला तरी छापावं, तोंड वाकडं करून का होईना.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

विजयमाला दत्तोबा वाघमोडे (सही)

साक्षीदार, आमच्या समोर सही झाली:
१. अजित काळे, शेजारी (सही)
२. गोजरबाई शिंदे, शेजारी (सही)

बारामती, १४ नोव्हेंबर २०२५