अन्विता ऐकते तेव्हा

४ जून
आलो बाई एकदाचे म्हैसूरला! अनुरागला हेब्बाळच्या कंपनीत नोकरी, अदितीची शाळा हाकेच्या अंतरावर, आणि जयलक्ष्मीपुरममधलं हे भाड्याचं घर आमच्या कोल्हापूरच्या फ्लॅटपेक्षा ऐसपैस. मी ठरवूनच आलेय, आता नुसतं घरी बसायचं नाही. हेल्थ कोचच्या वर्गात नाव घातलं. डॉक्टर औषध देतो, कोचनं माणसाला रोजच्या सवयी बदलायला हात द्यायचा. सासूबाईंचं मधुमेहाचं पथ्य इतकी वर्षं सांभाळलंय मी, मला काय डोंबल अवघड जाणार?

१२ जून
विशालाक्षी मॅडम शिकवतात. कडक आहेत. पहिला नियम, सल्ला द्यायचा नाही. समोरचा जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत त्याला म्हणून दाखवायचं, म्हणजे त्याचं त्याला उमगतं. मी तिथंच आपटले. एक बाई म्हणाल्या रात्रीचा भात सुटत नाही, आणि मी लगेच भाकरीचे गुण सांगत सुटले. मॅडमनी सगळ्यांसमोर गप्प केलं.
सरावाला माझी जोडीदार अन्विता. इथल्या जुन्या मराठी घरातली, आता एकटीच राहते. मराठी निम्मं कन्नड. ‘सुम्ने’, म्हणजे उगीच, हा शब्द दर वाक्यात. मला म्हणाली, तुम्ही बोला की हो, मी सुम्ने ऐकत बसते. मॅडम म्हणे, ऐकावं तर अन्वितानं! अस्सा जळफळाट झाला माझा.

२० जून
दुसरा नियम, जोडीदाराला खोटं काही सांगायचं नाही. पण हिच्यापुढे रडगाणं गाईन तर मी कसली! आज ‘आपल्या जमेच्या बाजू’ असा विषय होता. अन्विताला झोप लागत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून मुद्दाम सांगितलं, मला बाई अंथरुणाला पाठ टेकली की झोप. तिनं डोळे मिटून माझं वाक्य म्हटलं. सावकाश, लिमलेटची गोळी चघळावी तसं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

२७ जून
त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. आणि ही मेली टवटवीत! सगळ्यांना सांगत सुटलीय, आजकाल पडल्या पडल्या झोप लागते. मॅडमनी तिलाच नमुना म्हणून पुढे बसवलं. कोर्स संपला की त्यांच्या केंद्रात एकीलाच घेणार आहेत, ती कोण ते दिसतंच आहे.
राहवलं नाही मला. सरावात माझ्या आईचं सांगितलं. रोज चहाच्या वेळी तिचा फोन येतो, कोल्हापुरी बोलत पोट दुखेस्तोवर हसतो आम्ही. तुझं आहे का असं कुणी, असंही विचारलं. ती चिडली नाही. डोळे मिटले आणि सगळं म्हणून दाखवलं.

३ जुलै
आईचा फोन येत नाही. मीच केला. तिनं अहोजाहो करत विचारलं, कोण बोलताय? मी स्मृती म्हटल्यावर म्हणाली, काहीतरीच काय, स्मृतीशी आत्ताच बोलले मी.
वर्गात अन्विता मला म्हणाली, “काय गं, अशी काय बघालीस?”
अस्सल कोल्हापुरी. एक कन्नड शब्द नाही.
वर्ग सोडायला हवा. पण सोडला तर ती जिंकली. ते नाही व्हायचं.

९ जुलै
आज तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेले होते. मॅडमनी विचारलं, तब्येत सुधारायची ती कुणासाठी? अन्विता म्हणाली, मला कुणीच नाही. सगळ्या हळहळल्या. मॅडमनी तिला जवळ घेतलं. तिचं काही नसणंसुद्धा माझ्या असण्याहून भारी! मला सहन झालं नाही. मला लेक आहे, मी ओरडलेच. माझी अदिती, माझ्या कुशीत शिरल्याशिवाय झोपत नाही ती.
बोलले आणि जीभ चावली. अन्विताचे डोळे मिटलेलेच होते.

१० जुलै
अदिती मला काकू म्हणाली.
अनुराग हसला. रुसली असेल म्हणे. शाळा सुटल्यावर धावत आली, मी हात पसरले — ती माझ्या मागे उभ्या असलेल्या —

१२ जुलै
अदिती अन्विताकडेच आहे. इथं आणली की ऊर फुटेस्तोवर रडते. अनुराग म्हणतो, राहू दे चार दिवस, तू किती जळतेस गं त्या बाईवर!
जळते. खरंय. हे एकच माझ्याकडे धडधाकट उरलंय. ती म्हणून दाखवते ते तिचंच होतं. मग हेच तिला दिलं तर? जळू दे तिला, माझ्यासारखं तिच्याही हातचं सगळं जाऊ दे. माझी पोर परत —

१४ जुलै
सांगितलं. तुझा हेवा वाटतो मला, आत आग लागते. तिनं म्हणून दाखवलं. किती हलकं वाटतंय.

१५ जुलै
अन्विता मुलीला घेऊन तिचे कपडे न्यायला आलीय. गोड आहे मुलगी. माझी आहे म्हणे. जाताना वळून म्हणाली, काकू, तुम्ही पण चला ना.
अन्वितानं ते ऐकलं. तिचा चेहरा — पूर्वी तिला बघून असा माझा व्हायचा.
तिनं दार लावलं. मुलीला समोर बसवलंय. विचारतेय, तुला काय काय आवडतं, सांग. मुलगी सांगते, ती म्हणते. मुलगी आता हळू बोलतेय. आता नुसते ओठ —
मी समोरच बसलेय. कुणीही आई उठली असती. उठायला हवं, ते कळतं. पण कशासाठी ते —