समोर बसलेले गैरहजर

ता. ४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्याशी बोलून घसा बसला, म्हणून हे पत्र. परवा तब्येत विचारली, तर तू म्हणालास पंखा दुरुस्त झाला. वहिनी सांगते की घरात आता कुणी तुझ्याशी बोलायलाच जात नाही, तेच तेच किती वेळा सांगायचं? अरे, सख्खी बहीण इस्पितळाचा कानाचा विभाग सांभाळते आणि तू कान तपासायला येत नाहीस. मी लोकांना काय तोंड दाखवू?

अर्थात विभाग राहिला तर! वेळ देऊन बोलावलेले निम्मे पेशंट गैरहजर लागतात. मोठे साहेब म्हणतात, लोकांना गरजच नाही. महिनाअखेरपर्यंत असंच चाललं तर विभाग बंद, आणि तपासणीची खोली त्वचेच्या डॉक्टरांना. कानाच्या यंत्रावाचून बसलेल्या माणसांनी मग जायचं कुठे? मी आठवणीची पत्रं धाडली, भिंतभर सूचना लावल्या, प्रश्नावली वाटली. सगळ्यांनी ‘सेवा उत्तम’वर खूण केलीय. उत्तम आहे तर मग येत का नाहीत? डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं.

निदान तू तरी ये. वहिनीचा घसा वाचेल. राग मानू नकोस, आणि मानलास तरी ये.

तुझी,
चिमी

ता. ९ जानेवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला ऐकू कमी येतं, अक्कल कमी झालेली नाही, हे तुझ्या वहिनीलाही कळव.

आता ऐक. तुझ्या इस्पितळात मी मागेच येऊन गेलोय. तू रजेवर असताना मुद्दाम आलो, नाहीतर तू मला वरातीसारखं मिरवलं असतंस. सकाळपासून बाकावर बसलो. डॉक्टरांचं दार पाठीमागे, तोंड चौकशीच्या खिडकीकडे. एक मावशी तोंडाला पट्टी बांधून आतूनच नावं पुकारत होत्या. दार किलकिलं झालं की अख्खी रांग माना वळवायची. कुणाचं नाव आलं ते कुणालाच कळायचं नाही. दोघं-तिघं एकदम उठायचे, एकमेकांकडे बघून ओशाळायचे आणि परत बसायचे. शेजारी एक म्हातारा शिंपी होता, तो नंबर जाईल या धास्तीने लघवीलासुद्धा उठला नाही. शेवटी मी त्या खिडकीपाशी गेलो, तर तिथली बाई ओरडून म्हणाली की तुम्हाला केव्हाच पुकारलं, तुम्ही हजर नव्हता. मी तिच्या डोळ्यांसमोर बसलो होतो! सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे ज्यांना ऐकू आलं ते.

बहिऱ्यांना हाका मारता आणि ओ दिली नाही की गैरहजर लावता? वर प्रश्नावल्या वाटता? धन्य आहे तुमची. एक दिवस त्या बाकावर जाऊन बस, म्हणजे कळेल. मी काही पुन्हा यायचा नाही.

रागावलोय, तरी आशीर्वाद आहेतच.

दादा

ता. २२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बसले रे बाबा. डोक्यावरून ओढणी घेऊन दोन दिवस बाकावर बसले. तू लिहिलंस ते कमीच होतं. एक बाई उठून घरी निघाली, तिच्यामागे मी धावले, तर तिची समजूत अशी की आज डॉक्टरच आले नाहीत. आणि आमची प्रश्नावली? ती आम्ही तपासून बाहेर पडणाऱ्यांनाच दिली होती, म्हणजे ज्यांना हाक ऐकू आली त्यांनाच! कप्पाळ माझं. तू आलेला आणि तसाच परत गेलेला मला कळलंही नाही, याचं फार वाईट वाटलं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मोठा भोंगा बसवला. आता शेजारच्या हाडांच्या विभागातले पेशंट दचकून कुबड्या पाडतात, आणि आमचे लोक ढिम्म. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

मग मी कुणाला न विचारता भोंग्याची वायर काढली, बाक दाराकडे फिरवले आणि हातात द्यायला मोठ्या आकड्यांचे पुठ्ठे केले. मावशींनी पट्टी खाली करून समोर जायचं, खांद्याला हात लावून माणसाला आत न्यायचं. मावशी कुरकुरल्या, की एवढी पायपीट करायला त्यांना टपाल्याची नोकरी लागली का. साहेब माझ्यावर खवळलेत. एकतीस तारखेला ते स्वतः हजेरी बघणार आहेत. तेव्हाही गैरहजर निघाले तर विभाग गेला आणि त्याबरोबर मीही.

भीती वाटते, दादा. हजेरीसाठी नाही बोलवत. तू ये.

चिमी

ता. २ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. यंत्र पंधरवड्याने मिळेल.

तुमचे साहेब एकेक पुठ्ठा तपासत फिरले, बोलावलेल्यांपैकी एकही कमी निघेना. शेवटी ते तुला काहीतरी बोलले. मला अक्षर ऐकू आलं नाही, पण तुझा चेहरा बघून कळलं की विभाग राहिला. मागून तू सांगितलंस, गर्दी फार होते, लोकांना शिस्त लावा, असं म्हणाले. घ्या! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.

मावशींनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला रडू आलं. आत तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना वाटलं कान दुखतोय. घरी सगळे स्वयंपाकघरातूनच हाक मारतात. ओ आली नाही तर जेवून घेतात. मला बोलवायला माझ्यापर्यंत चालत कुणी येत नाही, चिमी. तुझ्या वहिनीला काल हे लिहून दाखवलं. रात्री ती ताट घेऊन माझ्या खोलीतच आली.

त्या दिवशी तू समोर स्टूल ओढून बसलीस. तुझं एकूण एक बोलणं कळलं, एकदाही ‘काय’ म्हणावं लागलं नाही. तुझे केस किती पिकलेत गं! आई गेल्यापासून तू फोनवरूनच ओरडत होतीस, मला कुठून दिसणार?

लोभ पत्रातून धाडू नकोस, घेऊन ये.

दादा