अप्पांच्या पावलांचा आवाज

प्रिय अप्पा,

चार वर्षांनी तुम्हाला लिहिते आहे, तेही देवनागरीत. अक्षरं आजोबांनी, आपल्या तातांनी शिकवलेली, वाकडेपणा माझा. तुमचा फोन लागत नाही. काल चिदंबरमामांनी तुम्हाला पापनाशमच्या बसस्टँडवर पाहिलं म्हणे, म्हणून त्यांच्याच हाती हे पत्र देते आहे. अम्मा बरी आहे. तुम्ही विचारलं नसतंच, तरी सांगते.

कॉलेजात आम्हा पाच जणींना मिळून एक श्रुतिका करायची होती. अट अशी, की एकही आवाज इंटरनेटवरून उचलायचा नाही, सगळे घरीच काढायचे. त्यासाठी आपलं घर निवडलं, कारण तुम्ही गेल्यापासून या घरात कोणी फारसं बोलत नाही. सुपात तांदूळ घोळवून पाऊस पाडला. जुनी छत्री फटफट उघडमीट केली, तर पारवे उडाले. दोन दिवस घरात हसू होतं, खोटं कशाला बोलू? अडलं एकाच जागी. गोष्टीतला बाप बऱ्याच वर्षांनी घरी येतो, त्याची पावलं हवी होती. लक्ष्मीप्रिया आमची म्होरकी, पण ती चालली की झडतीला पोलीस आल्यासारखं वाटे. शेवटी मी माळ्यावरून तुमच्या जुन्या चामडी चपला काढल्या.

स्कूटरवरून पडल्यापासून तुमचा डावा पाय घासतो. आधी कडी, मग दोन पावलं, मग एक फरफट, मग खुंटीवर किल्ल्या. लहानपणी तेवढं ऐकून मी दाराकडे धावायचे, त्यामुळे मला काही शिकावं लागलं नाही. पहिल्याच खेपेला आतल्या खोलीतून तातांची हाक आली, "रघू, आलास की रे?"

तातांची दृष्टी गेल्या वर्षी पार गेली, तुम्हाला कोणी कळवलं नसेल. दिवाळीपासून ते अंथरुणालाच खिळले होते. तुम्ही दुसरं घर मांडलंत तेव्हा 'पुन्हा हा उंबरा ओलांडू नकोस' असं तुम्हाला बजावणारे तेच. माझ्या मैत्रिणी तमिळ, त्यांना आपली घरची मराठी कळत नाही. आजोबा काय म्हणाले, असं त्या तमिळमध्ये विचारत राहिल्या. त्या दिवशी ताता कित्येक दिवसांनी पोटभर रसम-भात जेवले. अम्मानं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणाली, "चार दिवस अशीच चाल. त्यांचं तेवढंच राहिलंय." तुमचं नाव काढलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि मी रोज संध्याकाळी तुमच्याच चपला घालून चालू लागले.

ते बोलायचे आणि मी खोलीच्या दारात उभी राहायचे. आधी तिरुवैयारूच्या शेताचं बोलायचे, तुम्ही कावेरीत पोहायला शिकलात त्याचं बोलायचे. रोज मला वाटे, आज सांगून टाकावं. मग त्यांचा चेहरा बघून धीर व्हायचा नाही. आठव्या संध्याकाळी म्हणाले, "चूक माझीही होती रे. मीच तुला घालवलं. मज दिसत नाही, एकदा हो तरी म्हण." त्यांनी हात पुढे केला होता. मी ओढणी तोंडात कोंबून उभी राहिले. हो म्हटलं असतं तर आवाज माझा निघाला असता. तसाच पाय घासत बाहेर आले आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

ताता बुधवारी पहाटे गेले. तुमचा पत्ता लागेना, म्हणून अग्नी चिदंबरमामांनी दिला. जायच्या आधी ताता अम्माला म्हणाले, "आठ दिवस आला, पण बोलला नाही. अजून राग धरून आहे." तेव्हाही आम्ही दोघींनी त्यांना खरं सांगितलं नाही. अप्पा, तुम्ही आम्हाला टाकून गेलात ते तुमच्या माथी. ते मी माफ केलेलं नाही, करीन असंही वाटत नाही. पण बापानं हात पुढे केला असताना मुक्यानं पाठ फिरवणारा मुलगा तुम्ही नव्हता. ती मी होते. हे पाप मी तुमच्या नावावर करून ठेवलं, आणि ज्यांना खरं सांगायचं ते आता नाहीत. ते हाक तुम्हाला मारत होते; तुम्हाला जे म्हणाले, ते तुमचं तुम्हाला पोचवते आहे. जमलं तर या एका गोष्टीसाठी मला क्षमा करा.

तुमचीच,
साईप्रिया