कळसूबाईच्या वाटेवर तू बसला का नाहीस?

प्रिय दत्तू,

तू होतास तेव्हा तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितोय, कारण तुझ्यावर चिडलोय. काल नेवाशाला तुझ्या घरी गेलो होतो. मंदावहिनींनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "भाऊजी, कळसूबाईला गेल्ता तवा यांना कायतरी हुत हुतं का? तुमाला काय बोलले हुते?"

मी तुझ्या बायकोच्या तोंडावर खोटं बोललो. "नाही" म्हणालो. तू मला कुठे अडकवून गेलास, कळतंय का तुला?

आपला तो बावळट नियम कोणी काढला होता? तूच. डोंगर चढताना जो आधी खाली बसेल, त्याने घरी येईपर्यंत दोघांची पिशवी वाहायची. हरिश्चंद्रगडावर मी बसलो, तर गुपचूप पिशवीत दोन दगड घातलेस. शेवगावला घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा मला कळलं. आठवडाभर खांदा दुखत होता.

त्या दिवशी बारी गावातून निघालो आणि पहिल्या शिडीच्या आधीच तुझ्या बुटाची नाडी सुटली. मग परत सुटली. चार वेळा वाकलास. पुढे लोखंडी शिडीला धरून उभा राहिलास आणि म्हणालास, "खाली धरनाचं पानी काय झ्याक दिसतंय बघ." धुक्यात हाताचा पंजा दिसत नव्हता, दत्तू! आणि मी काय केलं? हसलो. सरबत विकणारी एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन आपल्या पुढे गेली, तेव्हा तिच्याकडे बोट दाखवून तुला डिवचलं. अरे, बसला असतास तर काय बिघडलं असतं? पिशवीत होतं काय, तर भाकरी, ठेचा आणि दोन बाटल्या पाणी.

माथ्यावर देवळाशी पोचलास तेव्हा कुठे टेकलास. गार वाऱ्यात तुझा शर्ट घामाने चिंब, हात छातीवर. म्हणालास, "पित्त हाय रं. मंदीला सांगू नको, न्हाईतर परत डोंगराला सोडायची न्हाई. देवीची आन हाय तुला."

आणि मी आण घेतली. मी, शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस! परत येताना संगमनेरात रस्त्यालगत दवाखाने होते. आपण तिथे गाडी थांबवली आणि भजी खाल्ली.

तीन आठवड्यांनी छातीत कळ येऊन तू गेलास. वहिनी काय धरून बसल्यात माहीत आहे? त्या सकाळी विहिरीवरची मोटार बंद करायला तू विसरलास म्हणून त्या तुझ्यावर ओरडल्या होत्या. त्यांना वाटतं, त्या बोलण्यानेच तुझा जीव गेला. "मीच खाल्लं त्यांना," म्हणाल्या. त्यावर मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. तुझा राग आला, पण त्याहून जास्त मला माझीच लाज वाटली.

उद्या शाळा सुटली की मी नेवाशाला जातोय. वहिनींना सगळं सांगणार आहे, तुझी नाडी, माझं हसणं, ती भजीसुद्धा. त्या मला दारातून हाकलून देतील. देऊ देत. देवीला काय सांगायचं ते तू तिकडे बघून घे. पण उद्यानंतर तुझ्या बायकोला मी एक दिवसही स्वतःला तुझी मारेकरी म्हणू देणार नाही. हा शब्द मात्र मी तुला न विचारता देतोय.

तुझ्यावर अजून रागावलेला,
मधू मास्तर