लाल दोऱ्यापर्यंत पाणी

दि. ३ मार्च

चि. चिमटीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

आधी तब्येती, मग भांडण. दादाचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना तो अजून कुरकुरतो, की आता नुसता दादाच कुरकुरतो? वहिनीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला महिना झाला, तिला सुई ओवता येते का? जावईबापूंचा खोकला गेला का? आणि तुझी मान? दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांत खुपसून बसतेस, ती आखडली नसेल तरच नवल. मी ठणठणीत. ऐकू कमी येतं, म्हणून फोनपेक्षा पत्र बरं.

आता भांडण. घरी बसून तू मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांतली माहिती तपासतेस, भाषा नीट करतेस, मधूनमधून स्वतःही लिहितेस, याचं कौतुक ऐकून माझ्या शेजारणीचे कान किटलेत. पण दादा लिहितो की तू मेणबत्तीच्या प्रयोगावर प्रश्नचिन्ह काढलंस आणि लेखक प्राध्यापक तुझ्यावर चिडलेत. अगं, ताटलीत पाणी, मधे जळती मेणबत्ती, वर पालथी बरणी. ज्योत विझते, पाणी आत चढतं, कारण हवेतला ऑक्सिजन, म्हणजे पाचवा हिस्सा, जळून संपतो. शाळेच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं मी हाच प्रयोग मांडला. माझी विद्या काचा धुताधुता उचललेली, कबूल. पण तुलाही ओट्यावर मीच हा दाखवला होता. मग आता काय बिनसलं?

तुझी,
आत्या

दि. ७ मार्च

ती. आत्यास चिमटीचा सा. न. वि. वि.

बाबा आणि गुडघा, दोघंही कुरकुरतात. आई सुई ओवते आणि ओवलेला दोरा घरभर दाखवत फिरते. खोकला गेला. मान आहे तिथेच आहे.

बिनसलं ते असं. करून बघितल्याशिवाय मी कुठलाही प्रयोग छपाईला सोडत नाही. हा चारदा केला, पाणी चारही वेळा वेगळं चढलं. शिवाय मेणबत्ती जळते तोवर ते जेमतेम हलतं आणि विझली की सरकन वर येतं. ऑक्सिजन जळून जागा होत असती, तर जळतानाच चढलं असतं ना? मला वाटतं, ज्योतीने तापून फुगलेली हवा ज्योत विझल्यावर गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते.

प्रकाशकबाई म्हणाल्या, बारा आवृत्त्या निघाल्या, कुणी हरकत घेतली नाही, तूच एक शहाणी निघालीस. एकोणीस तारखेला प्राध्यापकांसमोर दाखवून दे, नाहीतर पान आहे तसं छापू आणि पुढच्या पुस्तकांना दुसरं कुणी बघू. नोकरी सोडल्यावर मला बारमाही काम देणारी हीच एक जागा आहे, आत्या. इथून 'हिला काही कळत नाही' असा शेरा मिळाला, तर बाकीची दारंही बंद होतील.

एक कोडं मात्र सुटत नाही. तुझ्या बरणीला पाचव्या हिश्शावर लाल दोरा बांधलेला असायचा आणि पाणी नेमकं तिथेच थांबायचं. माझं का थांबत नाही? रागावू नकोस, पण खरं सांग.

तुझ्या रागालोभाची धनी,
चिमटी

दि. १२ मार्च

चि. चिमटीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस शेजारणीशीही बोलले नाही. मी आजारी पडले असं समजून ती काढा घेऊन आली.

खरं सांगते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शाळा तपासायला साहेब आले होते. एका मेणबत्तीने पाणी दोऱ्याच्या बरंच खाली राहिलं. विज्ञानाच्या गुरुजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू उरलेलं पाणी मीच प्यायले. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप शेजारी आणखी एक मेणबत्ती चिकटवली आणि पाणी बरोब्बर दोऱ्याला टेकलं. गुरुजी खूश, मी खूश. तेव्हापासून दोनच लावत आले. पुस्तक कसं चुकेल, चुकत असेल ती माझी बरणी, अशी माझी पक्की समजूत.

काल तीच बरणी काढून ओट्यावर मांडली. एक मेणबत्ती, पाणी एक बोट. दोन लावल्या, दोन बोटं. तीन लावल्या तर दोरा ओलांडून वर गेलं. बरणी तीच, म्हणजे आतला ऑक्सिजन तेवढाच. मेणबत्त्या वाढवल्या म्हणून हवेचा पाचवा हिस्सा थोडाच मोठा होतो? हवा जास्त तापली एवढंच. बरणी ठेवताना ती काठाखालून बुडबुडे होऊन पळत होती, ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

पोरी, तुझं उत्तर चाळीस वर्षं माझ्या हातात होतं आणि मी ते झाकत बसले होते. हे प्राध्यापकांना दाखव. माझी लबाडीही बिनधास्त सांग. लाज माझी आहे, तिचं काय करायचं ते मी बघीन.

तुझीच,
आत्या

दि. २० मार्च

ती. आत्यास चिमटीचा साष्टांग नमस्कार, आणि आज दोनदा.

जिंकलो आपण. प्राध्यापक हाताची घडी घालून आले होते. प्रकाशकबाईंनी आधी टेबलावरचे कागद लांब सरकवले, मी आग लावीन या भीतीने. मी एक मेणबत्ती लावली, मग दोन, मग तीन. तिसऱ्या वेळी प्राध्यापक उठले, माझ्या हातातली पट्टी घेतली आणि स्वतः मोजलं. मग चौथी लावायला सांगितली. पाणी आणखी चढलं.

मी तुझी गोष्ट सांगितली. मग प्राध्यापक हसायला लागले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. म्हणाले, कॉलेजात त्यांच्याकडेही अशीच एक 'शहाणी' बरणी होती. बाकीच्या बरण्यांत उत्तर येत नसे, म्हणून ती कपाटात कुलपात ठेवत. एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या पेन्सिलीने आपला परिच्छेद खोडला, आणि नवं पान हिनेच लिहावं, हिच्याच नावाने, असं बाईंना बजावलं.

बाई त्यावर कडी करत म्हणाल्या की मुलांनी घरी करायच्या प्रयोगांची सहा पुस्तकं आता मीच लिहायची. पान पाच तारखेला छपाईला जाईल. त्याखाली ओळ येणार आहे: 'हा प्रयोग माझ्या आत्याने तपासला.' बाबा जिन्यात भेटेल त्याला ही बातमी सांगतायत, आणि त्यासाठी दिवसातून चारदा जिना उतरतायत.

तुझी,
चिमटी

दि. २६ मार्च

चि. चिमटीस पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनेच मागून घेतलं.

मग बरणी पिशवीत घालून मी थेट आपल्या शाळेत गेले. सहावीच्या वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं की बाळांनो, तुमच्या आईबापांना मी चुकीचं दाखवलं, आज बरोबर दाखवते. एक, दोन, तीन मेणबत्त्या झाल्या. पोरं बाकांवर चढली.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं की सगळी करामत गरम हवेचीच असेल, तर मेणबत्ती हवीच कशाला. वर्ग फिदीफिदी हसला. वर्गाच्या बाई तिला खाली बसवणार होत्या, मी त्यांना थांबवलं. बरणी गरम पाण्याने चांगली विसळली, पाणी ओतून टाकलं आणि ती तशीच गार पाण्याच्या ताटलीत पालथी घातली. हळूहळू पाणी चढायला लागलं. ज्योत नाही, काडी नाही, जळायला काही म्हणजे काही नाही. वर्गाने बाकं अशी बडवली की मलासुद्धा सगळं ऐकू आलं.

तू, मी, प्राध्यापक, तिघांच्या डोक्यात हे आलं नव्हतं. ते पान तिच्या प्रयोगानेच सुरू कर, आणि तपासणारीच्या वर शोधणारीचं नाव छाप. मी तिला तसा शब्द देऊन बसले आहे. तू काय म्हणतेस हे विचारायला ती रोज मधल्या सुटीत माझ्या दाराशी येते. पाच तारीख तोंडावर आली, तेव्हा माया आहे तशी राहू दे आणि हे वाचून होताच चार ओळी टाक.

तुझी,
आत्या